आधी पेटवा, कारण मागाहून

झाड पेटलं ३१ जुलै २०१८ला. का पेटवलं, हे नोव्हेंबर २०२०पासून तुकड्यातुकड्यांनी कळू लागलं आणि सविस्तर कळलं मार्च २०२२मध्ये. तेही ज्यांनी वेगळे पैसे मोजून कादंबरी घेतली त्यांना. आपल्याकडच्या चौकशी समित्यांना मुदतवाढ मिळाली की आपण उगाच नावं ठेवतो.

झाडाचं नाव टेल्ड्रासिल. डोंगराएवढा बुंधा, ढगात गेलेल्या फांद्या आणि त्यांवर वसलेलं नाइट एल्फ लोकांचं डार्नासस शहर. हे सगळं 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन खेळातलं. खेळ नोव्हेंबर २००४मध्ये सुरू झाला आणि अजून संपलेला नाही. अमेरिकेत महिन्याला १४.९९ डॉलर भरायचे, आझेरोथ नावाच्या जगात जायचं, तलवार नाहीतर जादूची काठी परजायची आणि कुणा गावकऱ्याला रानडुकराचे दहा सुळे आणून द्यायचे, असा साधारण दिनक्रम. २०१०मध्ये, ऐन भरात, हे काम पदरचे पैसे घालून करणारे एक कोटी वीस लाख लोक होते. या जगात दोन पक्ष आहेत, अलायन्स आणि होर्ड. पहिल्याच दिवशी पक्ष निवडायचा आणि मग त्याला धरून राहायचं. एवढ्या एका बाबतीत हा खेळ शंभर टक्के काल्पनिक आहे. पक्ष बदलायचाच झाला तर कंपनीच्या दुकानात त्याचा दर उघड लावलेला असतो. ही पारदर्शकता आपल्याकडे यायला वेळ आहे.

आम्ही होर्डवाले. म्हणजे हिरव्या कातडीचे ऑर्क, सुळेवाले ट्रोल, बैलमुखी टॉरेन आणि कबरीतून उठून आलेले फोरसेकन यांच्या बाजूचे. बाजू कुरूप आहे, पण इभ्रतीची आहे, असं आम्हाला पहिल्यापासून सांगण्यात आलं. आम्ही विश्वास ठेवला. युरोपच्या सर्व्हरवर खेळणाऱ्या भारतीय माणसासाठी तिकडचे रात्रीचे आठ म्हणजे इकडचे साडेबारा. त्या वेळी माणूस कशावरही विश्वास ठेवतो.

आता झाड पेटवणारी बाई. सिल्व्हानस विंडरनर. ही २००२च्या 'वॉरक्राफ्ट ३'मधली. क्वेल्थालस या एल्फ राज्याची सेनानी. राजपुत्र आर्थस आपला आत्मा शापित तलवारीला वाहून, मढ्यांची फौज घेऊन तिच्या देशावर चालून आला. ती वेशीवेशीवर लढली, हटत हटत लढली आणि अखेर पडली. आर्थसने तिला मरूही दिलं नाही. तिच्या आत्म्याची हडळ करून तिलाच तिच्या माणसांवर सोडलं. पुढच्या वर्षी आलेल्या भागात तिने ती गुलामी झुगारली, आपलं प्रेत परत मिळवलं, आर्थसला विषारी बाण मारला आणि तिच्यासारख्याच सुटलेल्या मढ्यांना गोळा करून पडक्या राजधानीखालच्या भुयारांत राज्य थाटलं. कुणाला नको असलेल्यांची राणी. आता अशा बाईच्या मागे लोक जाणार नाहीत तर कुणाच्या?

आणि तेव्हाच्या लेखकांना ती कळलीही होती. २००७मधला एक प्रसंग सांगतो. तिच्या जुन्या गावाच्या भुताटकीत खेळाडूला एक गळ्यातलं सापडतं. थोरल्या बहिणीने, अलेरियाने, तिला दिलेलं. ते घेऊन तुम्ही भुयारात तिच्या पुढ्यात जाता. ती हातात घेते, क्षणभर पाहते, असल्या गोष्टींचं आता आपल्याला काय, असं सुनावते आणि खाली टाकून देते. तुम्ही तुमचं बक्षीस घ्यायचं आणि चालू पडायचं. दहातले नऊ जण पडायचेच चालू. जो रेंगाळला त्याला दिसायचं की तिच्याभोवती भुतं जमिनीतून वर येताहेत आणि ती एल्फांच्या भाषेत विलाप गाते आहे. बस. महागडं अॅनिमेशन नाही, 'पुढील भागात पाहा' नाही. टाकून दिलेला दागिना आणि गाणं. बाई मेली आहे, मेलेली नाही, आणि हे तिला कुणाला दिसू द्यायचं नाही, इतकं सगळं त्यात आलं.

याच बाईने अकरा वर्षांनी झाड पेटवलं.

मधल्या काळात ती निर्मळ राहिली होती अशातला भाग नाही. विषारी धूर, कबरी उकरून भरती, असे उद्योग चालू होतेच. २०१६मध्ये होर्डचा प्रमुख व्होल्जिन मरताना गादी तिच्याकडे देऊन गेला, 'पितरांनी सांगितलं' म्हणून. कुठल्या पितरांनी, याचा तपास पुढे खुद्द व्होल्जिनच्या आत्म्याने खेळाडूला बरोबर घेऊन केला. खुनाचा तपास करणारी भुतं आपण पाहिली आहेत. स्वतःच्या शिफारसपत्राचा तपास करणारं भूत पहिलंच. त्या तपासात नाव काही पुढे आलं नाही.

तर २०१८. नव्या भागाचं नाव 'बॅटल फॉर आझेरोथ', आणि विकायचं आहे युद्ध. होर्डची फौज नाइट एल्फांचा मुलूख तुडवत समुद्रकिनाऱ्यावर पोचते. बेत असा की झाड ताब्यात घ्यायचं, ओलीस ठेवायचं, शत्रूला बोलणीला बसवायचं. म्हाताऱ्या सॉरफँगने आखलेला बेत. सॉरफँग म्हणजे होर्डची चालतीबोलती इभ्रत. किनाऱ्यावर एक जखमी एल्फ अधिकारी शेवटचे श्वास मोजते आहे. ती सिल्व्हानसला म्हणते की जीव घेशील, आशा कशी मारशील? सिल्व्हानस मान वळवून झाडाकडे पाहते. हुकूम सुटतो. गोफणयंत्रांतून आगीचे गोळे निघतात.

म्हणजे ओलीस शहराची राखरांगोळी का झाली? मरणाऱ्या बाईने डायलॉग टाकला म्हणून! पडद्यावर दिसलं ते इतकंच. छापील लघुकादंबरीत त्याला थोडं राजकारण जोडलेलं होतं, पण खेळणारा माणूस खेळ बघतो, पुरवणी नाही.

अलायन्सच्या बाजूने खेळणाऱ्यांना त्या रात्री काय काम लावलं होतं, ते मात्र विसरता येत नाही. जळत्या डार्नाससमध्ये शिरायचं आणि माणसं बाहेर काढायची. कडेला एक आकडा: एवढे नागरिक वाचवायचे. आकडा शेकड्यांत, हाताशी जेमतेम काही मिनिटं. धुरात पडलेल्या एकेकापाशी जायचं, क्लिक करायचं, तो गेला की पुढचा. दहा काढले, वीस काढले, हाताला सवय झाली म्हणून तीस. आकडा ढिम्म. मग पडदा लालसर होतो, वेळ संपते. सगळ्यांना वाचवता येतच नाही. ती सोयच ठेवलेली नाही. खेळाच्या यंत्रणेतूनच गोष्ट सांगावी तर अशी, हे आम्ही होर्डवाले असूनही कबूल करतो. एकही संवाद न लिहिता त्या आकड्याने जे केलं ते पुढच्या चार वर्षांतल्या एकाही भाषणाला जमलं नाही.

आणि आम्ही? आम्ही त्याच किनाऱ्यावर उभे होतो. आम्हीच वाट मोकळी करून दिली होती. कुणी विचारलं नाही. 'जाळू का?' 'नको' असं बटण नव्हतं. अलायन्सवाल्याला निदान दुःख मिळालं. होर्डवाल्याच्या पदरात नरसंहार पडला आणि वर 'शाब्बास, वीरा' म्हणून नवे बूट. इथे चाहत्यांचं माथं भडकलं. खलनायिका नको होती अशातलं काही नाही. आपलं पात्र तिच्या मागे मुकाट उभं का, हे कुणी सांगेना, ही खरी सल.

तेव्हा उत्तर ठरलेलं मिळालं: थांबा, पुढे सगळं उलगडेल. कथा अजून पूर्ण झालेली नाही.

या वाक्याचा आम्हाला जुना अनुभव आहे. होर्डचा तेव्हाचा प्रमुख गॅरॉश आठवतो? २०१०मध्ये स्टोनटॅलनच्या डोंगरात होर्डच्याच एका सरदाराने ड्रुइडांच्या, म्हणजे निसर्गपूजक जादूगारांच्या, वसाहतीवर बॉम्ब टाकला. गॅरॉश तिथे उतरला, इभ्रतीवर चार खडे शब्द बोलला आणि त्या सरदाराची गचांडी धरून त्याला कड्यावरून खाली सोडलं. आम्ही खुर्चीतून उठून उभे राहिलो. वा रे पठ्ठे! दोन वर्षांत याच गॅरॉशने थेरामोर शहरावर त्याहून मोठा बॉम्ब टाकला. मधे काय झालं? एक नवा भाग झाला. २०१३मध्ये दोन्ही पक्षांनी मिळून त्याच्याच राजधानीला, ऑर्ग्रिमारला, वेढा घातला. त्यामुळे सिल्व्हानस गादीवर बसून आगकाड्या शोधू लागली तशी लोकांनी ओळखलं, हा गॅरॉश भाग दोन. नाही नाही, असं नाही, यात खोल काही आहे, असं सांगण्यात आलं. २०१९मध्ये होर्डचे बंडखोर आणि अलायन्सचं सैन्य मिळून ऑर्ग्रिमारच्या त्याच दरवाजासमोर उभं राहिलं. खोल म्हणजे नेमकं किती खोल, ते तेव्हा कळलं.

त्याच सुमारास खेळाडूला एक मोठा मान मिळाला: निवड. तुम्ही बंडखोर सॉरफँगबरोबर की राणीशी एकनिष्ठ? खेळात असा कौल क्वचित मागतात. लोकांनी रात्री जागून खल केला. गिल्डांमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या टोळ्यांमध्ये, दोन तट पडले. आमच्या ओळखीतल्या एका सद्गृहस्थांनी निव्वळ राणीला दगा द्यायला नको म्हणून दुसरं पात्र वाढवलं, की पहिलं निष्कलंक राहावं. आणि मग? मग दोन्ही वाटा त्याच दरवाजापाशी आल्या. सॉरफँगने तिला द्वंद्वाला ललकारलं. अलायन्सच्या पोरसवदा राजाने त्याला आपल्या बापाची तलवार दिली. म्हाताऱ्याने तिच्या चेहऱ्यावर एक ओरखडा काढला, तिचा तोल गेला, आणि होर्डची काय किंमत आहे ते ती सगळ्या होर्डसमोर ओरडून बोलली. काहीच नाही! मग काळ्या जादूच्या एका फटक्यात त्याला संपवलं आणि ती उडून गेली. एकनिष्ठांना नंतर तिच्या जुन्या बुरुजात बोलावून दोन शब्द ऐकवले गेले. बाकी जग पुढे तसंच, त्याच वळणाने गेलं. आमच्या मतदानाचा निकालावर जो परिणाम झाला तो पाहून लोकशाहीचा सराव झाला असं म्हणू.

हे सगळं कुणी वाईट केलं असंही नाही. सॉरफँगचे सिनेमॅटिक तुकडे पाहा. रात्री तळावरून एकटाच मरायला निघालेला म्हातारा, आणि त्याला अडवणारं एक कोवळं ट्रोल पोर. पाच-सहा मिनिटांत डोळ्यांत पाणी. चित्रकार, अॅनिमेटर, आवाज देणारी मंडळी आपापलं काम चोख करत होती. सुंदर पलस्तर होतं. मागे भिंत आहे का, एवढंच बघायचं राहिलं होतं.

मग आला नोव्हेंबर २०२० आणि 'शॅडोलँड्स'. मेल्यानंतरचं जग. इथे कळलं की सिल्व्हानसचा एक करार होता. कुणाशी? तर 'जेलर' नावाच्या एका टकल्या, छातीला भोक पडलेल्या महापुरुषाशी. मूळ नाव झोव्हाल. त्याचं नावसुद्धा त्याआधी सोळा वर्षांत कुणी ऐकलेलं नव्हतं. आता ऐका: झाड जाळलं कारण जितके मरतील तितके आत्मे याच्या नरकात जातील, याचं बळ वाढेल आणि मग जन्ममृत्यूचा अन्यायी फेरा मोडता येईल. बरं. पण एवढ्यावर थांबतील तर ते लेखक कसले! आर्थसची शापित तलवार? जेलरच्या सांगण्यावरून घडवलेली. त्याच्या डोक्यावरचा मुकुट? तोही. म्हणजे २००२पासून ज्या माणसाच्या अधःपाताने आम्ही हळहळलो, तो माणूस म्हणे नुसता मधला दलाल. चाहते याला 'रेटकॉन' म्हणतात. मागच्या गोष्टीत मागाहून घुसवलेली गोष्ट. आपल्या गल्लीत मागच्या तारखेने नोंद करणं म्हणतात.

२०२१च्या उन्हाळ्यात ती स्वतःच बॉस, म्हणजे शेवटचा मोठा शत्रू, म्हणून समोर आली. दहा-वीस जणांनी मिळून तिला हरवायचं. हरल्यावर मेली नाही, कारण अजून एक पॅच, म्हणजे कथेचा पुढचा हप्ता, बाकी होता. तिच्याकडून धनुष्य मात्र पडलं, शिकाऱ्यांसाठी. ते कुणाला मिळावं यावरून गिल्डमध्ये जे रण माजलं त्यात कथेचा शेवट बऱ्याच जणांचा बघायचाच राहिला. राहिला ते बरं झालं. जेलरने सगळ्यांनी आपली सेवा करावी असं म्हटल्याबरोबर तिला एकदम आठवलं की आपण कुणाची सेवा करत नसतो. सर्वांना गुलाम करणार, हे इतके दिवस त्याच्या बोलण्यात, वागण्यात, घराच्या सजावटीत दिसत होतं. घरात जिकडे तिकडे साखळ्याच टांगलेल्या. पण बाईंना त्या क्षणी कळलं. तिने बाण मारला. त्याने तिला तिच्या आत्म्याचा हरवलेला तुकडा परत दिला.

हो, तुकडा. हे सांगायचं राहिलं. आर्थसने मारलं तेव्हा आत्म्याचे दोन भाग झाले होते. चांगला भाग जेलरकडे ठेव म्हणून होता. झाड जाळलं ते उरलेल्या भागाने. लाल डोळे निळे झाले, बाई भानावर आल्या. 'तो मी नव्हेच' म्हणायची इतकी देखणी सोय आजवर कुठल्या वकिलाला सुचली नव्हती. २००७मध्ये जी गळ्यातलं टाकून गात होती ती मग कोण होती? अर्धी? मग ते गाणं इतकं पुरं कसं वाटलं?

याच काळात नाइट एल्फांची चंद्रदेवता एलून हिचीही बाजू समोर आली. झाडाबरोबर जळालेल्या लेकरांचे आत्मे तिने आपल्या बहिणीच्या राज्याला टवटवी यावी म्हणून पाठवले होते. पण परलोकातली वाटच बिघडलेली असल्याने ते थेट नरकात गेले. देवीला फार वाईट वाटलं. अलायन्सवाल्यांना याहून जास्त वाटलं. आणि टायरँड, ज्या बाईचं शहर जळालं ती? तिने सुडासाठी देवीची भयंकर शक्ती अंगावर घेतली, सिल्व्हानसचा गळा पकडला, आणि नेमक्या त्याच क्षणी शक्ती संपली. ठरवून चार्जिंग संपावं तशी. अखेर फेब्रुवारी २०२२च्या पॅचमध्ये निवाडा झाला: सिल्व्हानसने नरकात उतरावं आणि तिथला एकेक अडकलेला आत्मा सोडवून आणावा. शिक्षा खरं तर चांगली आहे. त्या डार्नाससच्या आकड्याला शोभेल अशी आहे. तिनेही एकेकापाशी जावं, एकेकाला उचलावं. पण हे आम्हाला खेळायला मिळालं नाही. ती जाताना दाखवली आणि विषय मिटला. तिच्या मनात इतकी वर्षं काय होतं, याची कादंबरी महिनाभराने दुकानात आली. क्रिस्टी गोल्डन यांनी लिहिली आहे, आणि त्यांच्याबद्दल आमचं काही म्हणणं नाही. दुसऱ्याने केलेला पसारा आवरायचं काम त्या वर्षानुवर्षं करत आल्या आहेत.

जेलर मेला तोही कसा, तर काहीतरी याहून भयंकर येतं आहे असं पुटपुटून. म्हणजे शेवटच्या श्वासालाही पुढच्या भागाची जाहिरात. खलनायकाचा हेतू काय होता? तर पुढचा खलनायक.

आता असं का होतं? लेखक नालायक असतात म्हणून, हे चाहत्यांचं लाडकं उत्तर. आम्हाला ते पटत नाही. या खेळाचा सांगाडाच असा आहे की दर दोनेक वर्षांनी नवा भाग विकायचा, प्रत्येक भागाच्या शेवटी एक बॉस लागतो, आणि तो ओळखीचा असेल तर जास्त खपतो. मग घरातली ओळखीची पात्रं एकेक करून बळी द्यायची. दोन पक्षांचं भांडण मिटवता येत नाही, कारण भांडण हाच खेळ. ते कायमचं पेटवताही येत नाही, कारण शेवटच्या बॉसला दोघांनी मिळून मारायचं असतं. तेव्हा दर काही वर्षांनी कुणीतरी वेडं व्हायचं, सगळ्यांनी मिळून त्याला आवरायचं, हस्तांदोलन करायचं आणि पुन्हा कुणीतरी वेडं व्हायचं. यात माणसाचा स्वभाव कुठे बसवणार? वर हीच कथा खेळात थोडी, सिनेमॅटिकमध्ये थोडी, लघुकथेत थोडी, कादंबरीत थोडी अशी वाटून टाकलेली. एका खोलीत आग, दुसऱ्या खोलीत तिचं कारण, आणि दोन्ही खोल्यांचं भाडं वेगळं.

पण सांगाडा सगळ्यांचाच तसा असतो. 'फायनल फँटसी १४' हाही महिन्याचे पैसे घेणारा ऑनलाइन खेळच. २०१०मध्ये तो इतका वाईट निघाला की दोन वर्षांनी बनवणाऱ्यांनी त्यातलं जग खेळाडूंच्या डोळ्यांदेखत नष्ट केलं आणि २०१३मध्ये नव्याने मांडलं. त्यात २०१९ला एमेट-सेल्क नावाचा खलनायक आला. सिल्व्हानसहून कितीतरी पटींनी जास्त माणसं मारलेला. पण त्याच्याशी शेवटची लढाई व्हायच्या आधी तो तुम्हाला समुद्राच्या तळाशी बोलावतो. तिथे त्याने आपलं नष्ट झालेलं शहर जादूने पुन्हा उभं केलेलं असतं, उंच इमारती, रस्त्यांवर फिरणाऱ्या सावल्या. त्या सावल्यांशी बोलता येतं. त्याने काय गमावलं ते तुम्ही पायी हिंडून पाहता, मग त्याला मारता आणि मारताना हात जड होतो. कारण आधी, घाव नंतर. इतकं साधं आहे. याच खेळाच्या २०२४च्या भागात मात्र वुक लामाट नावाच्या एका गुणी राजकन्येने पडद्यावरची इतकी जागा व्यापली की चाहत्यांनी नायकाला शोधायला माणसं पाठवली. तेव्हा तिकडे सगळं हिरवं आहे, असं समजून कुणी सामान बांधू नये.

चाहत्यांबद्दलही दोन शब्द. ही मंडळी भोळी नाहीत. क्वेस्टचा, म्हणजे कामगिरीचा, मजकूर न वाचता 'स्वीकार' दाबण्यात यांचा हात कुणी धरणार नाही. गळ्यातल्याच्या प्रसंगात निघून गेलेले नऊ जण हेच. कथा यूट्यूबवर चहाबरोबर ऐकतात आणि मग पात्राच्या अंतरंगाशी प्रतारणा झाली म्हणून टाहो फोडतात. काही जण तर कथा लिहिणाऱ्या नोकरदार माणसांच्या अंगावर इतके घाणेरडे धावून गेले की सिल्व्हानसचा अर्धा आत्मा बरा. सबस्क्रिप्शन रद्द केल्याची घोषणा करायची आणि पुढच्या भागाच्या पहिल्या रात्री लॉगिनच्या रांगेत उभं राहून रांग मोठी आहे म्हणून तक्रार करायची, हीही एक परंपरा. तरीपण. २००७मधलं एक गाणं लोक आजही म्हणून दाखवतात. असा श्रोता आयता मिळालेला असताना त्याला 'थांबा, कळेल' सांगत चार वर्षं ताटकळत ठेवणं, हा शुद्ध उधळेपणा झाला.

डागडुजी चालू आहे. २०२३च्या अखेरीस नाइट एल्फांना नवं झाड मिळालं, अमिरड्रासिल. त्याच्या मुळांशी नवं गाव वसलं. जुने कथाकार क्रिस मेट्झन परत आले आणि त्यांनी तीन भागांची एक सलग कथा आधीच जाहीर केली. निदान पुढचं पुढे ठरवू, असं यावेळी म्हटलेलं नाही. त्यातला दुसरा भाग, 'मिडनाइट', घडतो क्वेल्थालसमध्ये. सिल्व्हानसच्या माहेरी, आणि अलेरिया कथेच्या मध्यभागी. सिल्व्हानस येणार का, आली तर कुठल्या तोंडाने, यावर होर्डात आणि अलायन्सात एकसारखी भांडणं झाली. दोन पक्षांचं या एका बाबतीत एकमत आहे.

ज्याने हा देश आधी उजाड केला त्या आर्थसचं नाव मात्र आता कुणी फारसं काढत नाही, कारण त्याची बाकी २०२२मध्येच चुकती झाली. तेव्हाच्या रेडमध्ये, म्हणजे सामूहिक लढाईत, एका तलवारीत कोंडलेला त्याचा शेवटचा अंश बाहेर आला. समोरच्यांत ही तीन माणसं: त्याचा गुरू उथर, एकेकाळची प्रेयसी जैना आणि त्याने मारलेली सिल्व्हानस. वीस वर्षं ज्या भेटीची वाट पाहिली ती ही. तो आला निळसर काजव्याएवढा. ना चेहरा, ना एक वाक्य. या तिघांनी थोडं बोलून घेतलं आणि काजवा विझला. त्या भागात आत्म्यांच्या ऊर्जेला ॲनिमा म्हणत आणि तीच चलन होती. वाटेत पडलेली फुटकळ वस्तू उचलली की पस्तीसभर मिळायची. चाहत्यांनी तो काजवा पाहिला, मनातल्या मनात वजन केलं आणि आझेरोथच्या सगळ्यात गाजलेल्या राजपुत्राचा भाव लावला: ३५ ॲनिमा.